आपल्या घराण्यांच्या पुस्तिका

गेल्या सुक्कोथपासून माझ्या टेबलावर तीन पुस्तिका येऊन पडल्या आहेत. एक बार मिसवाच्या जेवणात प्रत्येक ताटाशेजारी ठेवलेली होती. दुसरी पोस्टाने आली. तिसरी संपादकांनी, “बाई, तुम्ही शिक्षिका होतात, यावर चार शब्द लिहा,” असे म्हणून हाती दिली. तिन्ही आपापल्या घराण्याचा इतिहास सांगतात. एक हिब्रूत आहे, एक मराठीत, आणि एक अर्धी इकडची अर्धी तिकडची. लेखकांची नावे मी मुद्दाम देत नाही. त्यांनी ती घरच्यांसाठी छापली आहेत, विकायला नव्हेत. शिवाय लोदपासून दिमोनापर्यंत आपण सगळे एकमेकांच्या लग्नात भेटणारे लोक आहोत.

आधी एक सांगते. अशी पुस्तिका काढणे सोपे नाही. म्हाताऱ्या मामाला बोलते करायचे, फोटोतला तिसरा माणूस कोण यावर दोन बहिणींचे भांडण मिटवायचे, छापखान्याचे पैसे भरायचे, आणि वर ‘माझ्या सासऱ्याचे नाव गाळले’ म्हणून वर्षभर कुणाचा तरी अबोला सोसायचा. तेव्हा पुढे जे कडक लिहिणार आहे ते या कष्टांविषयी नाही.

तिन्हींची घडण मात्र एकच. पहिल्या पानावर गलबत फुटते. नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात बायका लागतात, बाकीच्यांना तिथेच पुरतात. दुसऱ्या पानावर तेलाचे घाणे, शनिवारची सुट्टी, ‘शनवार तेली’ हे नाव. मग दावीद राहाबी येतात आणि मासे पाहून आपल्याला ओळखतात. आणि पान उलटले की एकदम आजोबा! कोट, टाय, हातात काठी, मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा. पुढची तीस पाने आजोबांची मुले, नातवंडे, विमानाचा प्रवास, माबारातले पत्र्याचे घर, आणि शेवटी रंगीत फोटो. दोन हजार वर्षे दोन पानांत आणि सत्तर वर्षे तीस पानांत.

सातवीच्या मुलांच्या ‘अवोदात शोराशीम’च्या वह्या मी पंचवीस वर्षांहून अधिक तपासल्या. मोरोक्कोची मुले, रुमानियाची, इराकची, आपली. त्यांच्याही वह्या अशाच असत. आधी एक गोष्ट आणि मग आजोबा. पण वही तपासताना मला समासात लाल शाईने विचारता येई, ‘हे तुला कुणी सांगितले?’ घरच्या पुस्तिकेला समास नसतो. म्हणून तो प्रश्न इथे विचारते.

गलबताच्या गोष्टीवर माझा राग नाही. ती मी माझ्या नातींना सांगते आणि पुढेही सांगणार. पण ती सगळ्या समाजाची गोष्ट आहे, तुमच्या घराण्याची नव्हे. त्या सात जोडप्यांतले तुमचे कोणते, हे कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या घराण्याचे म्हणून जे सांगता येण्यासारखे आहे, ते साधारण दीड-दोनशे वर्षांतले आहे: कोणत्या गावी घाणा होता, जमीन कुणाच्या नावावर होती, मुंबईला आधी कोण गेला, पलटणीत कोण होता, कोण कुणाकडे दिली. नेमके तेच पान या पुस्तिकांत कोरे आहे. आणि ते कोरे राहण्याचे कारण आळस नाही, असे मला आता वाटू लागले आहे. त्याकडे येते.

वाचकहो, पुष्कळांची समजूत अशी की आपल्याविषयी कागदच नाहीत. तसे नाही. आपले आडनावच पहिला कागद आहे. किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर. बेंजामिन जे. इस्राएल यांच्या ‘द बेने इस्राएल ऑफ इंडिया: सम स्टडीज’ या १९८४ च्या पुस्तकात आडनावे आणि गावे यांची सांगड घालणारा अभ्यास आहे. तिन्ही पुस्तिकांच्या लेखकांनी तो वाचला असता तर त्यांची दुसरी पाने वेगळी झाली असती. त्या अभ्यासाचे मोल मला असे वाटते की आडनाव दंतकथेपाशी न नेता तो नकाशापाशी नेतो. पालेस्टाइन आणि गलबत जरा बाजूला राहते आणि आपण अलिबागच्या, रोह्याच्या, मुरुडच्या रस्त्यावर उभे राहतो. गावाचे नाव कळले की तालुका कळतो, तालुका कळला की दप्तर कुठे शोधायचे ते कळते.

मात्र आडनावाने फसायलाही होते. आमच्या टेबलावरच्या हिब्रू पुस्तिकेत एकच ‘कर’ लावणारी तीन घरे एका झाडाला टांगली आहेत. एका गावचे म्हणजे एका रक्ताचे नव्हेत. कोकणातल्या त्या गावी आपली चार घरे असतील, चारही मुंबईला आली, आणि चौघांनीही गावाचे नाव लावले. नातेसंबंध सांगायला दुसरा पुरावा हवा.

आणि जिथे ‘कर’ गळाले तिथे तर मौजच. मुंबईच्या शाळांत आणि कचेऱ्यांत आपल्या लोकांनी बापाचे नाव आडनावासारखे लावले. बाप शमुएल तर मुलगा शमुएल, त्याचा मुलगा मोझेस. तीन पिढ्या, तीन आडनावे. ग्रंथालयाच्या यादीत तुम्ही एक नाव शोधत बसता आणि तुमचा पणजोबा शेजारच्या खणात दुसऱ्याच नावाने झोपलेला असतो. १७९६ साली मुंबईत मांडवीला आपली पहिली मशीद बांधणारे गृहस्थ मराठीत समाजी हसाजी दिवेकर. इंग्रजी पुस्तकांत तेच शमुएल एझेकिएल दिवेकर. ज्याला ‘हसाजी’ म्हणजे एझेकिएल हे ठाऊक नाही त्याला ही दोन माणसे वाटतील. आणि इथे हिब्रूत लिहिताना झिराडकरांचा ‘झ’ कसा लिहायचा? आमच्या नगरपालिकेच्या ग्रंथालयातल्या बाईंनी मला शिकवले की एका नावाची चार-पाच रूपे आधी कागदावर लिहून काढायची आणि मगच यंत्रात घालायची. त्या स्वतः मूळच्या मोरोक्कोच्या. मराठीचे एक अक्षर त्यांना येत नाही. पण मी जे तासभर रागाने शोधत होते ते त्यांनी ‘काफ’च्या जागी ‘कोफ’ घालून दोन मिनिटांत काढून दिले. तिन्ही पुस्तिकांपैकी एकाही लेखकाने ग्रंथालयाची पायरी चढल्याचा मागमूस नाही, याचे मला वाईट वाटते ते यासाठी. ही मदत फुकट मिळते आणि ती देणाऱ्यांना ती द्यायला आवडते.

आता हाईम शमुएल किहीमकरांविषयी. तिन्ही पुस्तिकांनी त्यांचा आधार घेतला आहे, दोघांनी नाव न घेता. हे आपले वडीलधारे. १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा काढणारे. मी ज्या सर एली कदूरी शाळेत शिकले ती त्याच शाळेचे पुढचे रूप, तेव्हा त्यांच्याविषयी लिहिताना माझा हात थोडा जड होतो. त्यांनी आपला इतिहास इंग्रजीत १८९७ मध्ये लिहून ठेवला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला, इम्मानुएल ओल्सवांगर यांच्या हातून. चाळीस वर्षे ते बाड तसेच पडून होते आणि लेखक तोवर हयात नव्हते. ही हकिकत मी अशासाठी सांगते की आपल्या घरांतूनही अशी बाडे आहेत. प्रत्येकाला ओल्सवांगर भेटेलच असे नाही.

यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ते पुस्तक मी पुन्हा वाचले. ग्रंथालयाची नवी इमारत २०२३ मध्ये उघडली, क्नेसेतच्या जवळच. कुणीही जाऊन बसावे. तरुणपणी ते वाचले तेव्हा मला त्यात पूर्वज दिसले होते. यावेळी मी नावे शोधत होते, आणि पुस्तक वेगळेच दिसले. चालीरीती, सण, अन्न, लग्नविधी याविषयी किहीमकर लिहितात तेव्हा त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा, कारण ते डोळ्यांनी पाहिलेले आहे. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांकडे दावीद राहाबींनी धर्मशिक्षणाचे काम दिले आणि त्यांचे वंशज काजी झाले, ही परंपराही त्यांनी जपून ठेवली. पण आपण हिंदुस्थानात ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास आलो, हे ते ज्या ठामपणे मांडतात त्याला तर्कापलीकडे आधार नाही. आपल्या पुस्तिकांनी त्यांचे चांगले ते सोडले आणि तो एक आकडा उचलला. हिब्रू पुस्तिकेत तर तो ठळक अक्षरात आहे, जणू कुणी जन्मदाखला पाहून लिहिला.

दुसरी गोष्ट त्याहून जिव्हारी लागणारी. किहीमकरांच्या याद्या सुभेदारांच्या आहेत, जमादारांच्या आहेत, हुद्द्यांच्या आणि पदकांच्या आहेत. त्यांच्या काळी तसे लिहिणे साहजिक होते. सरकारदरबारी समाजाची किंमत दाखवायची होती. पण आपण सव्वाशे वर्षांनी तेच करतो. मराठी पुस्तिकेच्या शेवटी घडी घातलेला मोठा वंशवृक्ष आहे. त्यात पुरुषांच्या चौकटीत नाव, जन्म, मृत्यू, नोकरी. आणि शेजारच्या चौकटीत पुष्कळ ठिकाणी फक्त ‘पत्नी’. ज्या धर्मात मूल आईवरून ओळखतात त्या धर्माच्या लोकांनी काढलेले हे झाड आहे!

हे असे का होते ते मला माझ्या आत्यावरून कळले.

आत्या माझ्याआधी बरीच वर्षे इकडे आली. १९६२ मध्ये तिचे लग्न ठरले. त्या वर्षी फेब्रुवारीत मुख्य रब्बानुतने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना काढल्या होत्या की बेने इस्राएल मुला-मुलींच्या आईची, आईच्या आईची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना तो काळ आठवतो. सत्याग्रह झाले, यरुशलेममध्ये लोक बसले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने आपण सर्व बाबतींत यहुदी आहोत असे जाहीर केल्यावर त्या सूचनांतून आपले नाव गेले. पण आत्याचे लग्न त्याआधीचे. एका गावच्या कचेरीत तिला विचारले, “तुझ्या आईच्या आईचे नाव काय?” आत्या म्हणाली, “बय.” लिहिणाऱ्याने मान वर केली. “हे नाव आहे का?” आत्याला दुसरे नाव माहीतच नव्हते. कोकणात आम्ही सगळे तिला बयच म्हणत आलो होतो. नवरा नाव घेत नसे, मुले घेत नसत, सुना तर नाहीच. लग्न झाले, पण सात महिन्यांनी आणि दोन साक्षीदार उभे करून. आत्या त्याविषयी पुढे कधीच बोलली नाही. मला हे तिच्या शिव्हात, तिच्या नणंदेकडून कळले.

म्हणून म्हणते, या पुस्तिका आळसाने कोऱ्या राहिलेल्या नाहीत. त्या अजून त्या कचेरीतल्या माणसाला उत्तर देत आहेत. गलबत आणि सात जोडपी हे उत्तर आहे. ख्रिस्तपूर्व १७५ हे उत्तर आहे. आणि जिथे बाईचे नाव ठाऊक नाही, किंवा ठाऊक आहे पण ते सारा-रिबका-राहेलसारखे नाही, तिथे ‘पत्नी’ लिहिणे हेही उत्तरच आहे. आपल्यात ‘गोरा इस्राएल’ आणि ‘काळा इस्राएल’ असा भेद होता, हे पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने घरात कुजबुजीत ऐकले आहे. त्याचा कातडीच्या रंगाशी संबंध नव्हता, आई कुठली याच्याशी होता. मशिदीत मान कुणाचा आणि मुलगी कुणाच्या घरी द्यायची हे त्यावर ठरे. तिन्ही पुस्तिकांत या दोन शब्दांपैकी एकही नाही. वंशाचा इतिहास लिहायचा आणि वंशावरून आपण एकमेकांशी कसे वागलो ते गाळायचे, याला मी तरी इतिहास म्हणणार नाही. ते अर्जाला जोडायचे प्रतिज्ञापत्र झाले.

साडिया शेपर्ड या अमेरिकन लेखिकेचे ‘द गर्ल फ्रॉम फॉरिन’ (२००८) आपल्या पुष्कळ घरांत आहे. तिची आजी बेने इस्राएल. लग्नानंतर मुसलमान नावाने कराचीत राहिली. आणि नात तिच्या शब्दाखातर कोकणात येऊन आपल्या लोकांत राहिली. त्या पुस्तकात आपल्याकडे बघण्याची नजर पाहुण्याची आहे आणि कधी कधी आपण तिला आहोत त्यापेक्षा भाबडे दिसतो. तरी एका बाबतीत तिने आपल्याला मागे टाकले. ती आजीपासून सुरुवात करते, गलबतापासून नाही. आणि आजीच्या आयुष्यातले जे अवघड होते तेच पुस्तकाच्या मध्यावर ठेवते. आपल्यापैकी कुणी कराचीच्या लग्नाची आजी असती तर वंशवृक्षात ती फांदीच उमटली नसती.

आता माझ्या शोधाविषयी थोडे, कारण नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे.

बयचे नाव शोधायला मी सहा वर्षांपूर्वी लागले. घरात एक पत्र्याची ट्रंक होती. आजीची केथुबा त्यात मिळाली, पण केथुबात वर कुणाचा मुलगा आणि वधू कुणाची मुलगी हे बापाच्या नावाने असते. आई तिथेही नाही. तफिल्लाच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म लिहिलेले होते, तेही बापाच्या हाताने. सगळ्यात खाली एक मुद्रांकाचा कागद होता, मोडीत, आणि घरात कुणालाच तो वाचता येत नव्हता. वडील म्हणत, तो घाण्याचा हिशेब आहे. पन्नास वर्षे आम्ही त्याला घाण्याचा हिशेब म्हणूनच जपला.

त्या वर्षी मुंबईला गेले तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात गेले. मनात भीती होती की मला, परदेशी पासपोर्टवाल्या म्हातारीला, कोण विचारतो. अर्ज लिहिला, ओळखपत्र दाखवले. तिथल्या माणसाने पहिलाच प्रश्न केला, “गाव कुलाब्यात की जंजिऱ्यात?” मी म्हटले, रायगडात. तो हसला. रायगड हे नाव १९८१ पासूनचे. जुन्या कागदांत कुलाबा शोधायचा. आणि मुरुड, श्रीवर्धनकडची गावे १९४८ पर्यंत नबाबाच्या जंजिरा संस्थानात, त्यामुळे त्यांचे दप्तर वेगळे. अलिबागेकडचा मुलूख १८४० पर्यंत आंग्र्यांचा. म्हणजे दोन शेजारच्या गावांचे दोन भाऊ, पण कागद तीन ठिकाणी. हे मला साठ वर्षांत कुणी सांगितले नव्हते. १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड ‘कुलाबा आणि जंजिरा’ असा दोघांचा मिळून आहे तो यामुळे. त्यात आपल्या लोकांविषयी पाने आहेत, तीही वाचावीत, इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला लागणारे मीठ घालून.

ज्यांच्या घरी पलटणवाले होते त्यांनी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दप्तर विसरू नये. तिथले बाप्तिस्म्या-लग्नांचे दाखले ख्रिस्ती लोकांचे, ते आपल्या कामाचे नाहीत. पण लष्करी याद्यांत आपले सुभेदार-जमादार भेटतात. साधा शिपाई भेटणे कठीण.

मोडीचे मात्र दुसरीकडे जमले. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवते. तिथे शिकलेल्या एका तरुणाचा पत्ता मिळाला. ट्रंकेतल्या कागदाचा फोटो मी त्याला फोनवर पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलेले उत्तर आले. तो हिशेब नव्हताच. ते खरेदीखत होते. घाण्याची जागा आणि त्यामागची वाडी विकली होती, आणि विकणारी बाई होती. वय पस्तीस, धंदा घरकाम, जात बेने इस्राएल, राहणार मौजे अमुक. नाव, मग ‘कोम’, मग पणजोबांचे नाव. खाली अंगठा.

‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. जुन्या कागदांत मुलाच्या नावापुढे ‘बिन’ येते तसे बायकोच्या नावापुढे ‘कोम’. ज्यांना आपल्या घराण्यातल्या बायका शोधायच्या आहेत त्यांनी हा दोन अक्षरी शब्द मोडीत ओळखायला शिकावे, बाकी मोडी नाही आली तरी चालेल. विधवा झाली, मुले लहान राहिली, जमीन विकायची वेळ आली, की बाईचे नाव कागदावर येते. नवरा जिवंत असेपर्यंत येत नाही. आमच्या बयचे नाव आम्हाला तिच्या संकटामुळे मिळाले. सुखात असती तर आजही ती बयच राहिली असती.

ते नाव हिब्रू नाही. एका फुलाचे नाव आहे, शेजारच्या कुळवाडणीचे असावे तसे. त्याने काहीच सिद्ध होत नाही; जुन्या काळी आपल्या बायकांची नावे सर्रास मराठी असत, आणि कागदात जात स्पष्ट लिहिली आहे. पण ‘कोम’ फक्त नवरा सांगतो, बाप सांगत नाही. बय कुणाची मुलगी ते अजून कळलेले नाही.

आणि इथे मला स्वतःविषयी लिहिणे भाग आहे, नाहीतर वरच्या सगळ्या टीकेला अर्थ राहणार नाही. वाचकांनी पाहिले असेल की मी ते नाव इथे छापलेले नाही. माझ्या थोरल्या भावाने हात जोडून सांगितले, छापू नकोस. त्याच्या नातवाचे लग्न ठरते आहे. “लोक काय म्हणतील ते तुला ठाऊक आहे,” तो म्हणाला. मी म्हटले, कागदात जात इस्राएल लिहिली आहे, मग भ्यायचे कशाला? तो म्हणाला, आत्याही भ्यायची नव्हती. यावर मला उत्तर सुचले नाही. तेव्हा ज्या पुस्तिकांवर मी इतके लिहिले त्यांच्याच रांगेत मीही आहे, आणि त्यांच्या लेखकांनी मला तसे म्हटले तर त्यांचे बरोबर आहे.

तिसऱ्या पुस्तिकेविषयी बोलायचे राहिले. ती सर्वांत पातळ, अर्धी मराठी अर्धी हिब्रू, कागद साधा, फोटो अंधुक. गलबत तिच्यातही आहे, पण एका परिच्छेदात संपते. लेखकाने गावच्या दफनभूमीत जाऊन जे दगड वाचता आले ते उतरवून घेतले आहेत, आणि झिजलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे ठेवली आहेत. अंदाजाने भरलेली नाहीत. मशिदीच्या वहीतून नेदर कुणी किती दिले ते घेतले आहे, आणि त्यात दोन बायकांनी स्वतःच्या नावाने दिलेले नेदर सापडले आहेत. एका ठिकाणी आजीच्या आईपाशी त्याने सरळ लिहिले आहे की नाव मिळाले नाही, कुणाला ठाऊक असल्यास कळवावे. चुका आहेत. दोन तारखा एकमेकींशी जुळत नाहीत, हिब्रू भाग कुणाकडून तरी घाईत करून घेतला आहे, आणि ‘चौगुले’ या मशिदीतल्या पदाला त्याने आडनाव समजले आहे. तरी तिघांपैकी पुन्हा उघडून पाहावी अशी हीच आहे. मी त्यांना कळवले आहे की एक प्रत यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात द्या, आणि एक दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात. घरच्या कपाटात ती दोन पिढ्याही टिकायची नाही.

माझ्या धाकट्या नातीने यंदा सातवीत तिची ‘अवोदात शोराशीम’ लिहिली. तिने मला बयचे नाव विचारले, आणि तिला मी सांगितले. तिने ते हिब्रूत लिहिले, कंसात मराठीतही, मला विचारून विचारून, एक काना चुकवून. तिच्या शिक्षिकेने समासात लाल शाईने विचारले आहे, ‘हे तुला कुठे मिळाले?’ नातीने खाली उत्तर लिहिले: खरेदीखत. भावाला मी अजून ती वही दाखवलेली नाही.